रेषा उलटून पाहावी

दापोलीहून लाडघरमार्गे कोळथऱ्याकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यावर बुरोंडी लागतं, आणि पृथ्वीच्या गोलावर उभा असलेला परशुराम दिसतो. समुद्राला मागे सारून कोकणची जमीन काढणाऱ्या या देवाचं हत्यार म्हणजे परशू. झाड पाडायला ते उत्तम. पण पाडलेल्या झाडाची फळी काढायची झाली, फळीला सरळ कड आणायची झाली, दोन कडा काटकोनात मिळवायच्या झाल्या, की परशूचं काम संपतं आणि करवतीचं सुरू होतं. जमीन मिळाल्यावर माणसाने घर उभारलं ते या दुसऱ्या हत्याराच्या जोरावर. त्याचा पुतळा मात्र कुठे नाही.

या करवतीचा एक ताजा अवतार म्हणजे ट्रॅक सॉ. अ‍ॅल्युमिनियमच्या लांब पट्टीवर, म्हणजे ट्रॅकवर, बसून सरळ धावणारी विजेची गोल करवत. यूट्यूबवर ती आठ बाय चारच्या प्लायमधून अशी सहज जाते की पाहणाऱ्याला वाटावं, आता सुताराच्या हाताला काही कामच उरलं नाही. प्रत्यक्षात हे यंत्र खोक्यातून काढून थेट प्लायवर चालवलं, तर काप सरळ येतो, पण बरोबर येईलच असं नाही. सरळ आणि बरोबर यांमधलं हे अंतर कसं भरून काढायचं, याची ही हकिगत. ते भरण्याची युक्ती कोकणातल्या जुन्या मिस्त्रीला यंत्राच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

वाकडं काम आणि सरळ काम

बुरोंडी मासेमारीचं गाव. किनाऱ्यावरच्या गावांत सुतारकीच्या दोन तऱ्हा पूर्वापार चालत आल्या. एक होडीची, दुसरी घराची. लाकडी होडीत सरळ रेषेला फारसा मान नाही. नाळेकडे वळत जाणारी फळी डोळ्याने जोखायची आणि शेजारच्या फळीला भिडेपर्यंत तासत राहायची. तिथे मोजपट्टीपेक्षा नजर मोठी. घराचं काम उलट. तुळई, वासे, चौकट, दार, झोपाळ्याची फळी, सगळं ओळंब्यात आणि गुण्यात. गेरूत किंवा कोळशाच्या पाण्यात भिजवलेली दोरी ओंडक्यावर ताणून टिचकी मारली की रेषा उमटायची. मग एक माणूस वर, एक खाली, असे दोघे मिळून ती मोठी करवत ओढत रेषेमागे जायचे.

हे लाकूड घराच्या आसपासचंच असायचं. फणस, आंबा, आइन, किंजळ, आणि ऐपत असली तर साग. पुढे दोन गोष्टी बदलल्या. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ आला आणि ही सगळी झाडं परवानगीच्या यादीत गेली. जंगलतोडीविषयीच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशानंतर लाकूड कापणाऱ्या गिरण्यांवरचं नियंत्रणही आवळलं गेलं. जंगलासाठी हे आवश्यकच होतं. सुताराच्या अंगणात मात्र ओंडक्याची जागा हळूहळू प्लायच्या शीटने घेतली.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं आणि दापोली-मंडणगडच्या पट्ट्यात कौलं, पत्रे, आंब्या-पोफळीच्या बागा यांची धूळधाण झाली. घरं पुन्हा उभी करताना कोणी कौलांचे पत्रे केले, कोणी स्लॅब टाकला. जोडीला किनाऱ्यालगत सुट्टीची घरं, होम-स्टे, चाकरमान्यांनी गावी बांधलेले बंगले. या सगळ्यांना स्वयंपाकघरात ओट्याखाली कपाटं हवीत, ड्रॉवरला चॅनल हवेत, शटरना आपोआप मिटणारी बिजागरं हवीत. हे काम होडीचं नाही आणि जुन्या घराचंही नाही. बिजागराचा स्क्रू फिरवून शटर दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे सरकवता येतं. बॉक्सच काटकोनात नसेल तर तो स्क्रू कितीही फिरवा, शटरच्या फटी वर एक आणि खाली एक अशाच राहतात.

आणि भिंत? चिऱ्याच्या भिंतीला कितीही गिलावा केला तरी ती ओळंब्यात असेल याची खात्री नाही. म्हणून कोकणातला अनुभवी मिस्त्री भिंतीच्या नादी लागत नाही. बॉक्स स्वतःपुरता चोख काटकोनात करायचा आणि भिंतीशी राहणारी वाकडी फट कडेला पट्टी मारून झाकायची. सगळी अचूकता बॉक्समध्ये ठेवायची, तर बॉक्सचे तुकडे अचूक निघाले पाहिजेत. ट्रॅक सॉची गरज इथे सुरू होते.

चार इंची कटरचं राज्य

आज साइटवर प्लाय कापायला बहुतेक जागी दिसतो तो हातकटर. मुळात हा मार्बल-टाइल कापायचा कटर; त्यात लाकडाचं दातेरी पातं बसवलेलं. स्वस्त, हलका, मोटरसायकलच्या डिकीत मावणारा. प्लायवर एक सरळ पट्टी शिकंज्याने आवळायची आणि कटरचा बेस तिच्या कडेने घासत न्यायचा. निष्णात हाताने हे काम चांगलं होतं, यात शंका नाही. पण त्याच्या अडचणी मोजाव्या लागतात. पट्टी कापाच्या रेषेवर बसत नाही. बेसची कड ते पात्याचा दात एवढं अंतर दर वेळी सोडावं लागतं, आणि ते दोन्ही टोकांना सारखं सुटलं नाही तर काप तिरका जातो. कटर पट्टीपासून सुटून बाहेर पळू शकतो. पात्यामागे कापलेली फट उघडी ठेवणारी पट्टी नसते, म्हणून प्लाय मिटून पात्याला चावला की यंत्र उलट उसळतं. या एका कारणाने सुतारांची बोटं गेली आहेत.

ट्रॅक सॉने यातल्या बहुतेक अडचणींचा बंदोबस्त एकाच कल्पनेत केला. पट्टी कापाच्या रेषेवरच ठेवायची. ट्रॅकच्या पाठीवर लांबीभर एक उंच कणा असतो. करवतीच्या बेसच्या पोटातली खाच त्यावर बसते, त्यामुळे यंत्र डावी-उजवीकडे हलत नाही. ट्रॅकच्या कडेला रबरी किंवा प्लास्टिकची पातळ पट्टी असते. ती नेमकी पात्याच्या दातापर्यंत येते. ही कड खुणेवर ठेवली की काप तिथेच. अंतर सोडण्याचा हिशेब संपला. पातं आवरणात लपलेलं असतं. दाबल्यावर खाली उतरतं, सोडल्यावर वर येतं.

ही कल्पना एका दिवसात आली नाही. गोल करवतीचं पहिलं पेटंट १७७७ सालचं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या सॅम्युअल मिलरच्या नावावर. हातात धरायची विजेची गोल करवत १९२० च्या दशकात अमेरिकेत एडमंड मिशेलने घडवली. उसाच्या शेतातले कोयते पाहून त्याला ती सुचली असं सांगतात. तिला रुळावर चालवायची पद्धत जर्मनीच्या फेस्टूल कंपनीने १९६० च्या दशकात रूढ केली. ही कंपनी १९२५ साली फेझर आणि श्टोल या दोघांनी काढलेली. नंतर मकिता, बॉश, डीवॉल्ट यांनीही आपापली यंत्रं आणली. साधारण १६० ते १६५ मिलिमीटरचं पातं आणि ट्रॅकवरून पन्नास मिलिमीटरच्या आसपास खोल काप, हा आता या वर्गाचा सर्वसाधारण साचा आहे.

सूत, पाव सूत आणि त्याहून कमी

साइटवरची भाषा अजून सुताची आहे. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे सूत तीन मिलिमीटरहून थोडं जास्त. ‘दोन सूत कमी मार’, ‘अर्धा सूत खा’ हे हेल्परला न समजावता कळतं. चौकट, दार, खाट यांना पाव सुताची, म्हणजे पाऊण मिलिमीटरची चूक चालून जाते. रंधा मारला, पाचर ठोकली, झालं.

ट्रॅक सॉ नीट लावली तर चूक मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास आणता येते. म्हणजे सुताचा तिसावा भाग. पण ही अचूकता कुणाकडून मागायची, तेही कळलं पाहिजे. प्लायचे थर एकाआड एक आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून तो ओलाव्याने लांबी-रुंदीत फारसा हलत नाही. फणसाची रुंद फळी हलते. दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. त्या हवेत फळी रुंदीत फुगते, वैशाखात आकसते, आणि वर्तुळांच्या दिशेने होणारा हा फरक गाभ्याच्या दिशेने होणाऱ्या फरकाच्या साधारण दुप्पट असतो. अशा फळीला दशांश मिलिमीटरचा काप देणं म्हणजे नुसती हौस. प्लायला दिला तर तो टिकतो.

आता प्रश्न येतो तो तपासायचा. साइटवरच्या टेपने दशांश मिलिमीटर दिसत नाही. डोळ्यालाही दिसत नाही. मग यंत्र बरोबर लागलं की नाही, हे ओळखायचं कसं?

याचं उत्तर गुण्याजवळ, म्हणजे काटकोन पाहायच्या अवजाराजवळ आहे. नवा गुण्या घेतला की जाणता सुतार त्याच्यावरच्या शिक्क्यावर विश्वास ठेवत नाही. सरळ कडेला गुण्या टेकवून एक रेषा मारतो, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेषा मारतो. दोन्ही एकावर एक पडल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर जेवढी फाक, त्याच्या निम्मी गुण्याची चूक. पाणसळीची तपासणीही हीच, टोकं बदलून बुडबुडा पाहायचा. मासळी बाजारात तराजूची पारडी अदलाबदल करून काटा पाहतात तसंच हे. उलटल्यावर चूक स्वतःच्याच विरुद्ध बाजूला उभी राहते आणि दुप्पट होते. जी दिसत नव्हती ती दिसायला लागते.

ट्रॅक सॉ लावण्याची सगळी कला या एका युक्तीची निरनिराळी रूपं आहेत. फक्त क्रम चुकवायचा नाही, कारण पुढची प्रत्येक जुळणी आधीच्या जुळणीवर उभी असते. आणि कुठल्याही जुळणीआधी प्लग सॉकेटमधून बाहेर. स्विच बंद केला, एवढं पुरत नाही.

पहिलं काम: ट्रॅक

ट्रॅक वाकडा असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. प्लायवर ट्रॅक ठेवून टोकदार पेन्सिलीने त्याच्या धातूच्या कडेने पूर्ण लांबीची रेषा मारायची. मग ट्रॅक तिथेच अर्धा फिरवून, डावं टोक उजवीकडे नेऊन, रेषेच्या पलीकडून तीच कड रेषेला लावायची आणि पुन्हा रेषा मारायची. मध्ये फट राहिली तर तिच्या निम्मा बाक. फळीची रंधलेली कड तपासायची जुनी पद्धतही हीच, दोन फळ्यांच्या कडा भिडवून उजेड येतो का ते पाहायचं.

प्लायची शीट २४४० मिलिमीटर लांब आणि हाताळायला सोपा ट्रॅक १४०० चा. म्हणून लांब कापासाठी दोन ट्रॅक जोडावे लागतात, आणि घोळ इथेच होतो. दोन्ही टोकं एकमेकांवर घट्ट दाबली तर टोकांचा सूक्ष्म तिरकेपणा संपूर्ण ट्रॅकला कोन देतो. त्यापेक्षा टोकांत केसभर फट ठेवायची, दोन्हीच्या कडेला खात्रीची लांब सरळ पट्टी लावून ट्रॅक तिला भिडवायचे, आणि मग जोडपट्ट्यांचे स्क्रू आळीपाळीने बेताने आवळायचे. जोर लावून आवळले तर जोडच उचलला जातो. आवळून झाल्यावर अर्धा फिरवण्याची परीक्षा पुन्हा. ज्याला रोज लांब काप मारायचे आहेत त्याने एकसंध लांब ट्रॅक घ्यावा. मात्र तो साइटवर न्यायला टेम्पो लागतो, मोटरसायकल पुरत नाही.

दुसरं आणि तिसरं: ढिलाई आणि पात्याचा रोख

बेसच्या पोटातली खाच ट्रॅकच्या कण्यावर सैल असेल तर यंत्र पुढे ढकलताना डुलतं आणि कापाच्या कडेवर लाटा येतात. त्यासाठी बेसवर पुढे आणि मागे एकेक फिरकी असते. ती फिरवून खाच आवळायची, पण किती? यंत्र हलक्या हाताने ढकललं तर अडखळत नाही आणि आडवं हलवलं तर हलत नाही, एवढीच. एक फिरकी आवळून दुसरी तशीच सोडली तर बेस कण्यावर तिरका बसतो. कोकणात याला एक जोड आहे. खाऱ्या, दमट हवेत ट्रॅकवर भुशाचा चिकट लेप चढतो आणि काल बरोबर असलेली आवळ आज घट्ट वाटते. फिरकी सैल करण्याआधी ट्रॅक फडक्याने पुसून पाहावा.

यानंतरची जुळणी सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात महत्त्वाची: पातं ट्रॅकला समांतर आहे का? गोल पात्याचे पुढचे दात लाकूड कापतात आणि मागचे दात त्याच फटीतून खाली उतरतात. मागचा भाग ट्रॅककडे झुकला असेल तर उतरणारे दात ठेवायच्या तुकड्याची कड पुन्हा खरवडतात. सनमायकाचे तुकडे उडतात, कडेवर कमानीसारखे ओरखडे येतात, कधी जळकट डाग पडतो. म्हणून मागचा भाग ट्रॅकपासून अगदी किंचित दूर, म्हणजे टाकाऊ तुकड्याच्या बाजूला हवा. किती? कागदाच्या जाडीइतका किंवा त्याहून कमी.

हे पाहायला महागडं उपकरण लागत नाही. एका ठोकळ्यात स्क्रू घट्ट बसवून तो ठोकळा ट्रॅकशेजारी पक्का करायचा. पात्याच्या एका दातावर खूण करायची. पातं खाली उतरवून अडकवायचं, खुणेचा दात पुढे आणून स्क्रूच्या टोकाला जेमतेम लागेल असं यंत्र सरकवायचं आणि मध्ये झेरॉक्सच्या कागदाची चिंधी घालून किती घट्ट बसते ते पाहायचं. मग तोच दात हाताने फिरवून मागे आणायचा, यंत्र पुढे सरकवून त्याच स्क्रूपाशी न्यायचं आणि तीच चिंधी लावायची. दात एकच, स्क्रू एकच. बदलली ती फक्त पात्याची बाजू. इथेही परीक्षा उलटण्याचीच आहे. फरक नको तेवढा असेल तर बेस धरणारे स्क्रू थोडे सैल करून यंत्र फिरवावं लागतं. काही मॉडेलमध्ये हे स्क्रू समोर असतात, काहींत पुस्तिका पाहावी लागते. यंत्र वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरकडे दिलेलं बरं.

चौथं: नव्वद अंश

बेसवरचा अंशाचा काटा नव्वदावर असणं हा पुरावा नाही. टाकाऊ जाड लाकडात एक काप मारायचा आणि दोन्ही तुकडे सपाट फरशीवर ठेवून त्यांच्या कापलेल्या बाजू भिडवायच्या. त्या भिडणारच, कारण एकाच पात्याने कापल्या आहेत. आता एक तुकडा पालथा घालून पुन्हा भिडवायचा. वर किंवा खाली फट दिसली तर पात्याच्या चुकीच्या दुप्पट ती फट. अर्ध्या अंशाची चूक १९ मिलिमीटरच्या प्लायमध्ये अवघी ०.१७ मिलिमीटर होते, उलटल्यावर ०.३३. पन्नास मिलिमीटर जाडीत हीच चूक उलटल्यावर जवळपास ०.९ मिलिमीटर होते आणि आंधळ्यालाही दिसते. म्हणून परीक्षा जाड लाकडावर घ्यायची आणि काम पातळ प्लायवर करायचं. थांबस्क्रू फिरवून चूक काढली की पुन्हा काप, पुन्हा पालथा.

पाचवं: ट्रॅकच्या कडेची पट्टी

नवं यंत्र घेतलेले अनेक जण ही पट्टी सगळ्यात आधी कापतात, आणि म्हणून ते काम पुन्हा करावं लागतं. ट्रॅकच्या कडेची रबरी पट्टी कारखान्यातून मुद्दाम थोडी रुंद येते. तुमच्या यंत्राने तुमच्या पात्याने ती पहिल्यांदा कापली, की तिची कड म्हणजे नेमकी कापाची रेषा. वरच्या कुठल्याही जुळणीनंतर पातं थोडं सरकतं. म्हणून ही पट्टी सगळ्यात शेवटी कापायची. ट्रॅक टाकाऊ प्लायवर आवळायचा, पातं पट्टीखाली थोडंच उतरेल एवढी खोली ठेवायची, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता एका दमात जायचं.

यापुढे हा ट्रॅक या यंत्राचा झाला. दुसऱ्याची करवत त्यावर चालवली, किंवा जास्त जाडीचं पातं बसवलं, तर पट्टी आणखी खाल्ली जाते आणि खुणेवर ठेवलेला ट्रॅक खोटं बोलू लागतो. साइटवर यंत्रं उसनी दिली-घेतली जातात. बाकी काही द्या, ट्रॅक देऊ नका.

पट्टीचं दुसरं काम कड राखण्याचं. हातातल्या गोल करवतीचे दात खालून वर येताना कापतात, म्हणून वरच्या बाजूचे पापुद्रे उडतात. पट्टी ते दाबून धरते. म्हणून शोभेची बाजू वर ठेवता येते. पण दाबली जाते ती फक्त ट्रॅकखालची बाजू. पलीकडच्या तुकड्याची कड उडू शकते, तेव्हा कोणता तुकडा ठेवायचा ते आधी ठरवायचं. सनमायका चिकटवलेल्या शीटवर आधी दोन-तीन मिलिमीटर खोल हलका काप मारून मग पूर्ण काप मारला तर कड जवळजवळ उडतच नाही.

काप मारताना

खोली किती? प्लायच्या जाडीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त. काही यंत्रांवरची मोजपट्टी ट्रॅकची जाडी धरून लिहिलेली असते, काहींवर नसते, तर काहींवर दोन्ही. पहिल्या कापाला मोजपट्टीवर विसंबू नये. टाकाऊ तुकड्यात काप मारून पात्याचं टोक खाली किती उतरतं ते पाहावं. शीटच्या खाली पट्ट्या किंवा थर्माकोलपेक्षा घट्ट फोमची लादी अंथरावी. शीट दोन्ही बाजूंना टेकलेली राहिली पाहिजे, नाहीतर शेवटच्या वीतभर लांबीत तुकडा खाली झुकतो, फट मिटते आणि पातं अडतं.

हिशेबही आधी करावा लागतो. पातं साधारण दोन मिलिमीटरची वाट खातं. १२२० मिलिमीटर रुंदीच्या शीटमधून ३०० च्या चार पट्ट्या काढायच्या, तर कारखान्याच्या दोन्ही कडा साफ करून पाच काप होतात, म्हणजे दहा-अकरा मिलिमीटर भुसा. १२०० वजा केल्यावर उरलेले वीस मिलिमीटर पुरतात. पण चार पट्ट्या ३०५ च्या काढायला गेलं तर शीट संपलेली असते. कारखान्याची कड ही सरळ रेषा आहे, असं गृहीत धरणं ही या कामातली सगळ्यात महाग चूक.

काटकोनासाठी जुना तीन-चार-पाचचा नियम आहेच: ९०० आणि १२०० च्या बाजूंचा कर्ण १५००. पूर्ण शीटचे दोन्ही कर्ण मोजायचे. २४४० बाय १२२० च्या चोख आयताचा कर्ण २७२८ मिलिमीटर येतो, आणि दोन्ही सारखे आले पाहिजेत. ट्रॅकला काटकोनाचा जोड लावला असेल तर त्याची परीक्षा पाच कापांनी घेतात. टाकाऊ चौकोनाची एक बाजू कापायची, ती जोडाला टेकवून पुढची कापायची, असं फिरवत चार बाजू, आणि पाचव्या वेळी पहिल्याच बाजूवरून एक पातळ पट्टी उतरवायची. जोडाची चूक प्रत्येक वळणावर साठत चौपट होते आणि त्या पट्टीच्या दोन टोकांच्या रुंदीत दिसते. पट्टी ५०० मिलिमीटर लांब आणि टोकं २०.० आणि २०.४ आली, तर फरक ०.४, चाराने भागला की ५०० मिलिमीटरला ०.१ ची चूक. कॅलिपर आता साध्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतो. उलटून चूक दुप्पट व्हायची, इथे फिरवून चौपट होते.

खारी हवा, विजेचे झटके, भुसा

किनाऱ्यावर यंत्राचे शत्रू वेगळे. पोलादी पातं आणि स्क्रू आठवड्याभरात गंज धरतात. काम संपलं की तेलाच्या फडक्याने पुसून बंद डब्यात. ट्रॅक भिंतीला तिरका टेकवून ठेवला तर कालांतराने वाकतो. तो सपाट किंवा टांगलेला हवा. पात्याच्या दातांवर प्लायच्या गोंदाचं काळं किटण चढलं की पातं बोथट झाल्यासारखं वाटतं. धार लावायला देण्याआधी पातं काढून साबणाच्या पाण्यात ब्रशने घासून पाहावं. पावसाळ्यात वीज येते-जाते, व्होल्टेज पडतं, आणि लांब बारीक वायरवर यंत्राचा जीव निघतो. जाड तारेची वायर हा खर्च नव्हे, जुळणीचाच भाग आहे. कापाच्या मध्ये वेग पडला की पातं वळतं.

भुशाची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्याची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाचा भुसा १९९५ सालीच माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या गटात टाकला. प्लायमध्ये तर गोंदाचं फॉर्मल्डिहाइडही आहे. ट्रॅक सॉचं आवरण बंद असल्याने व्हॅक्यूम क्लीनरची नळी जोडता येते आणि बहुतेक भुसा तिथेच पकडला जातो. हातकटरला ही सोय नाही. तोंडाला रुमाल बांधला म्हणजे फुप्फुसं सुरक्षित झाली, असं नव्हे.

पैशाचा प्रश्न

हे सगळं ऐकून कुठलाही मिस्त्री विचारील: परवडतं कसं? १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा कारागिरी आहेत. त्यांत सुतार आहे आणि होडी बांधणाराही. प्रशिक्षणाच्या सुरुवातीला अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आणि नंतर पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांचं कर्ज मिळतं. नामांकित कंपनीची करवत ट्रॅकसकट पंधरा हजारांत बसत नाही. कर्जातून ती घ्यायची तर कामाची संख्या तेवढी हवी.

ज्याच्याकडे तेवढं काम नाही, त्याच्यासाठी एक जुनी युक्ती आजही तेवढीच चोख आहे. नऊ मिलिमीटर प्लायची लांब पट्टी घ्यायची, तिच्यावर दुसरी सरळ पट्टी चिकटवून खिळवायची, आणि आपल्याच गोल करवतीचा बेस त्या पट्टीला टेकवून खालच्या प्लायची जास्तीची रुंदी कापून टाकायची. उरलेली कड म्हणजे त्या करवतीची नेमकी रेषा, जर्मन ट्रॅकच्या रबरी पट्टीसारखीच. फक्त वरची पट्टी सरळ हवी, आणि ती सरळ आहे की नाही ते पाहायचं कसं, हे आता सांगायला नको.

यंत्राने सुताराचं कसब काढून घेतलं, अशी तक्रार प्रत्येक नव्या हत्याराबरोबर होते. ट्रॅक सॉच्या बाबतीत ती अर्धीच खरी आहे. हात स्थिर ठेवण्याचं कसब तिने खरंच अनावश्यक केलं. ते काम आता अ‍ॅल्युमिनियमचा कणा करतो. पण तपासण्याचं कसब तिला देता आलेलं नाही. उलट ते दसपट महत्त्वाचं झालं आहे, कारण हातकटरची चूक एका कापापुरती असते, तर नीट न लावलेल्या ट्रॅक सॉची चूक प्रत्येक कापात सारखीच, सफाईदारपणे, न थकता उतरते. वीस बॉक्सच्या स्वयंपाकघरात ती वीस वेळा उतरते आणि शेवटच्या शटरला उघडी पडते. म्हणून आयटीआयच्या सुतारकामाच्या वर्गात किंवा विश्वकर्माच्या प्रशिक्षणात हे यंत्र शिकवायचं असेल, तर पहिला तास काप मारण्याचा नसावा. टाकाऊ तुकडा कापा, पालथा घाला, फट पाहा, एवढाच तो असावा. ज्या मुलाला ती फट दिसू लागली, त्याच्या हातात कुठलंही यंत्र द्यायला हरकत नाही.